मुलताईपासून ग्रेज पीकपर्यंत

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
10 नोव्हेंबर 2024

ती. आई, बाबा आणि आजी,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीला व्हिडिओ कॉलवर सगळेच एकदम बोलत होते, त्यात मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं. खरं तर ते फोनवर सांगायचंच नव्हतं. दादाला हे पत्र छापून आणायला सांगितलंय. बाबा, जेवणं झाली की आजीजवळ बसून मोठ्याने वाचा.

महत्त्वाचं आधी सांगते. मे महिन्यात माझं एमएस पूर्ण होईल. त्यानंतर इथेच पीएचडी करायची असं मी ठरवलंय. माझ्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, मी आठवडाभर विचार केला आणि हो म्हटलं. म्हणजे आणखी चार वर्षं तरी इथेच. आई, हे ऐकून तू उठून स्वयंपाकघरात जाशील हे मला माहीत आहे. पण बस जरा, सगळं ऐक. या वर्षात मी काय काय पाहिलं ते कळल्याशिवाय माझा हा निर्णय तुम्हाला कळणार नाही.

मागच्या वर्षी 23 सप्टेंबरच्या पहाटे आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आपल्या गल्लीत शिरलं, तेव्हा इथे 22 तारखेची दुपार चालली होती. मला येऊन जेमतेम महिना झालेला. दादाचे व्हिडिओ येत होते. आपल्या हॉलमध्ये गढूळ पाणी, आडवा पडलेला फ्रिज, जिन्यावर शाल गुंडाळून बसलेली आजी. मग त्याचा फोन लागेना. मी ग्रंथालयात होते आणि समोर पाणलोट क्षेत्राचाच धडा उघडा होता. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, आधीच भरलेला तलाव, काठाला दाट वस्ती. याचं गणित त्या पानावर मांडलेलं होतं आणि त्या गणितात आपलं घर होतं. रात्री तुमचा आवाज ऐकेपर्यंत मी जागची हलले नाही. त्या दिवशी पाण्याच्या या विषयाशी माझं जे नातं जुळलं ते आजवर सुटलेलं नाही. त्यानंतर मी जिथे जिथे गेले, तिथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हेच बघत राहिले.

हिवाळ्यात आमचं काम कॅमेरॉन पास या डोंगरखिंडीच्या बाजूला चालतं. त्या भागात 2020 साली मोठी आग लागली होती. दोन लाख एकरांहून जास्त क्षेत्र त्यात सापडलं. कोलोरॅडोच्या नोंदींत एवढी मोठी आग दुसरी नाही. जळलेल्या जंगलात बर्फ किती लवकर वितळतो आणि त्याचं पाणी पूडर नदीला कधी येऊन मिळतं, हे आम्ही मोजतो. आमच्या गावाच्या नळाला येणाऱ्या पाण्यातही पूडरचं पाणी असतं, त्यामुळे हा प्रश्न इथल्या प्रत्येक घराचा आहे.

बर्फ मोजायचा म्हणजे आधी खड्डा खणायचा, तोही थेट जमीन लागेपर्यंत. फेब्रुवारीत तो माझ्या छातीपर्यंत येत होता. मग सावलीकडची भिंत फावड्याने तासून सरळ केली की थर दिसायला लागतात. तळाशी साखरेसारखा सुटा, दाणेदार बर्फ, त्यावर वाऱ्याने दाबून घट्ट केलेला थर, सगळ्यात वर कालचा भुसभुशीत. दर दहा सेंटिमीटरवर थर्मामीटर खुपसायचा, स्टीलच्या मापाने एक लिटरचा तुकडा कापायचा आणि तराजूवर ठेवायचा. ताजा बर्फ लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच वसंतात दबून दबून तीनशे, साडेतीनशेच्या घरात जातो. बाबा, म्हणजे एप्रिलअखेर मीटरभर बर्फात तीस-पस्तीस सेंटिमीटर पाणी साठलेलं असतं. अख्खा डोंगर म्हणजे बिनभिंतीचं धरणच.

बाहेर उणे पंधरा असतं तेव्हा खड्ड्याच्या तळाशी तापमान शून्याच्या जवळ असतं, कारण वरचा बर्फ जमिनीची ऊब धरून ठेवतो. पहिल्यांदा तो आकडा वाचला तेव्हा मी हातमोजा काढून तळाच्या मातीला हात लावून पाहिला. ओलसर, मऊ माती होती. आणि वर, जळक्या झाडांच्या सालीचे काळे तुकडे बर्फावर पडलेले. एप्रिलच्या उन्हात अशा एकेका तुकड्याखाली बर्फ खचून खळगा पडलेला दिसतो. काळा रंग ऊन शोषतो, आणि सावली धरायला फांद्याच उरलेल्या नाहीत. बर्फ लवकर का वितळतो याचं उत्तर असं डोळ्यांपुढे होतं.

तिथपर्यंत स्कीवर जावं लागतं, म्हणून स्की शिकले. आई, एकटी मी कधीच जात नाही. हिमस्खलनाचा कोर्स केलाय, प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारं यंत्र असतं, आणि सकाळचं धोक्याचं पत्रक वाचल्याशिवाय गाडी निघत नाही. ज्या दिवशी त्यात धोका जास्त म्हणून लिहिलेलं असतं, त्या दिवशी आम्ही ऑफिसात बसून आकडेमोड करतो.

आजी, आता तुझ्यासाठी. मार्चच्या सुट्टीत आम्ही मैत्रिणी ग्रँड कॅन्यनला गेलो. लायसन्स नुकतंच मिळालं होतं, त्यामुळे अर्धा रस्ता गाडी मी चालवली. कोलोरॅडो नदीने जमीन कापत कापत मैलभर खोल दरी केलीय. तिथल्या शिखरांची नावं ऐकशील? विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल. क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात आपल्या देवांची नावं द्यायला सुरुवात केली. तळाचा काळा खडकही विष्णूच्याच नावाने ओळखला जातो आणि तो 170 कोटी वर्षांहून जुना आहे. आम्ही ब्राइट एंजलच्या वाटेने प्लॅटो पॉइंटपर्यंत उतरलो. तिथून खाली नदी दिसते, आणि थांबून कान दिला तर ऐकूही येते. इथे उतार आधी आणि चढ नंतर, म्हणजे दमल्यावर खरी परीक्षा. रामटेकचा गड चढताना तू मला प्रत्येक वळणावर देवाचं नाव घ्यायला लावायचीस ना? वर येताना प्रत्येक वळणावर मी तेच केलं. मोठ्याने केलं. तू नेहमी विचारतेस, "कायले चढून राहिली वं पोरी ते डोंगर?" तर त्याचं थोडंसं उत्तर हे आहे, की तूच मला चढायला शिकवलंस.

10 मेची रात्र आईला आठवत असेलच. 2003 नंतरचं सगळ्यात मोठं सौरवादळ त्या रात्री आलं आणि इतक्या दक्षिणेला, आमच्या गावाबाहेरच्या माळावरून, ध्रुवीय प्रकाश दिसला. आधी उत्तरेला धूसर उजेड, मग डोक्यापर्यंत चढत गेलेला गुलाबी-लाल. तुमच्याकडे 11 तारखेची सकाळ होती, तू चहा टाकत होतीस आणि मी फोनवर नुसतीच "आई, आई" करत होते. त्याच रात्री लडाखमध्ये हानलेलाही लाल प्रकाश दिसल्याचं नंतर वाचलं. तू इथे असतीस तर, हा विचार त्या रात्री फार आला.

आणि पोहायला शिकले. त्या पुरानंतर आई पाण्याचं नाव काढलं तरी घाबरते, म्हणून इतके दिवस बोलले नाही. विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात पूर्ण लांबी न थांबता पोहते आता.

बाबा, तुमच्यासाठी ऑगस्ट राखून ठेवला होता. महिनाअखेरीला आम्ही ग्रेज पीकवर गेलो. उंची 14,270 फुटांच्या वर, म्हणजे साधारण 4,350 मीटर. आपलं नागपूर 310 मीटरवर आहे, त्यावरून हिशेब करा. दुपारी विजा पडतात म्हणून अंधारातच निघायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं. वाट सोपी आहे, दोरबीर लागत नाही, पण शेवटच्या टप्प्यात हवा इतकी विरळ की वीस पावलं चालायचं आणि उभं राहायचं. वाटेत पांढऱ्या पहाडी शेळ्या पिल्लांसह बसल्या होत्या, आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

हा डोंगर मी मुद्दाम निवडला होता. उत्तर अमेरिकेचा मुख्य जलविभाजक याच्या माथ्यावरून जातो आणि त्या सगळ्या रेषेवरचं सर्वांत उंच ठिकाण हेच. पूर्वेला पडलेलं पाणी क्लिअर क्रीक, साउथ प्लॅट, मिसुरी, मिसिसिपी असं करत मेक्सिकोच्या आखाताला जातं. पश्चिमेला पडलेलं स्नेक आणि ब्लू नद्यांतून कोलोरॅडोला मिळतं, म्हणजे मार्चमध्ये आम्ही वरून पाहिली त्याच नदीला. माथ्यावर बसले आणि मला मुलताई आठवलं. मी सातवीत असेन. बैतूलला जाताना तुम्ही गाडी थांबवून तापीकुंड दाखवलंत आणि म्हणालात, इथलं पाणी सुरतेला अरबी समुद्रात जातं, आणि याच तालुक्यात उगम पावणारी वर्धा गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. मग डबा उघडण्याआधी तुम्ही जमिनीवर काडीने दोन्ही नद्या काढून दाखवल्या होत्या. पाटबंधाऱ्यातली तुमची सगळी नोकरी, गोसीखुर्दच्या साइटवरचे ते उन्हाळे, मला तेव्हा त्यातलं फारसं समजत नव्हतं. पण त्या काडीच्या दोन रेषा मनात पक्क्या राहिल्या. ग्रेज पीकवर बसून मी मैत्रिणींना मुलताईची गोष्ट सांगितली आणि बोटाने दगडावर वर्धा काढून दाखवली. पीएचडीला हो म्हणायचं, हे त्या माथ्यावरच मनात ठरलं होतं.

विषयही सांगते. पहिली दोन वर्षं इथला बर्फ. पुढे शहरातल्या छोट्या नद्यांचे पूर, आणि त्यात नाग नदी घ्यायची असं मी बाईंशी बोलले आहे. त्यांनी नकाशा मागवून घेतला, अंबाझरी कुठे, आपलं घर कुठे, सगळं विचारलं. त्यासाठी मला पावसाळ्यात नागपुरात राहून काम करावं लागेल. म्हणजे आई, चार वर्षं सलग दूर नाही.

एमएस संपल्यावर जूनमध्ये येते आहे, सहा आठवड्यांसाठी. तोपर्यंत आई-बाबांनी आपले पासपोर्ट काढून मुदत बघून ठेवावी. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जावं लागेल आणि तारीख मिळायला वेळ लागतो, त्यामुळे आत्ताच कामाला लागा. 2026 च्या जुलैत तुम्ही दोघांनी इथे यायचं. ट्रेल रिज रोड हिवाळाभर बंद असतो, पण जुलैत गाडी थेट 3,713 मीटरपर्यंत जाते, गुडघ्यांना त्रास नाही. बाबा, तिथून समोरच्या डोंगरावर ग्रँड डिचची आडवी रेघ दिसते. 1890 पासून खणत नेलेला कालवा आहे, पश्चिमेचं पाणी जलविभाजक ओलांडून पूर्वेला आणतो. आणि तेच काम करणारा ॲडम्स बोगदा तर डोंगराच्या पोटातून 21 किलोमीटर गेलाय. दोन्हींची माहिती गोळा करून ठेवली आहे, तुमचे प्रश्न आत्ताच लिहून पाठवलेत तर उत्तरं शोधून ठेवते. आजीजवळ त्या महिन्यात काकू येऊन राहणार आहे, माझं तिच्याशी बोलणं झालंय.

दादाच्या ओळखीचं कोणी इकडे येणारं असेल तर मेतकूट आणि तर्रीपोह्याचा मसाला पाठवा, दोन्ही संपलंय. आजीच्या रक्तदाबाची गोळी सकाळची आहे, रात्रीची नाही, हे परत एकदा बघा. आणि आई, हे वाचून झालं की फोन कर. माझी रात्र असली तरी कर.

तुमची,
मुक्ता