केसपेपरवरचा पत्ता

आदरणीय सिस्टर यांस,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. तशी गरजही नाही. भांडी बाजारात किंवा गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) ‘पिशवीवाल्या सिस्टर’ म्हटलं की लहान पोरसुद्धा तुमची वाट दाखवतं. तुम्ही माझे आभार तोंडावर ऐकून घेत नाही, ‘चला, गोळी दिली का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आधी एक कबुली. कित्येक वर्षं मी रात्री दुकान वाढवताना पायरीवर बादलीभर पाणी ओतायचो. स्वच्छतेसाठी नव्हे. ओल्या फरशीवर कुणी झोपत नाही म्हणून. आमच्या ओळीत मी एकटाच नव्हतो, पण दुसऱ्यांचं मी कशाला सांगू?

मागच्या पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं, तेव्हा आम्ही खालचा माल माळ्यावर चढवला. घाटावर झोपणारी माणसंही अशीच वर सरकतात, फक्त त्यांना माळा नसतो. त्यांतले एक बाबा माझ्या पायरीवर आले. पाऊसच एवढा होता की पाणी ओतून उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. मला वाटलं उंदीर मेला असेल.

तुम्ही आलात त्या संध्याकाळी मी तुम्हाला चक्क म्हणालो होतो, ‘मॅडम, ह्यांना इथून घेऊन जा.’ तुम्ही ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, ते अजून कळलेलं नाही. खाली बसून पायाची फडकी सोडलीत आणि मान वर न करता म्हणालात, ‘टर्पेंटाईन आहे का हो कुठे?’ शेजारच्या रंगाच्या दुकानातून मी बाटली आणली. कापसाचा बोळा भिजवून तुम्ही जखमेच्या तोंडाशी धरलात, तशा आळ्या वर यायला लागल्या. तुम्ही चिमट्याने एकेक काढत होतात. माझ्याकडचा पोऱ्या मोजत होता, बेचाळीसपर्यंत आला आणि बाहेर जाऊन ओकला. शुगर तपासलीत, ती चारशेच्या वर. म्हणालात, साखरेमुळे पायाला संवेदना राहिलेली नाही, झोपेत उंदराने कुरतडलं तरी कळत नाही. जखम उघडी राहिली की माशी बसते, दिवसाभरात अंडी फुटतात. एवढंच. मी ह्या बाजारात जन्म काढला, पण उंदीर झोपलेल्या माणसाचा पाय खातो हे मला माहीत नव्हतं.

आणि ते बाबा? इतका वेळ गप्प होते. तुम्ही सलाईनने जखम धुवायला लागलात तेव्हा बोलले, ‘नीट घासा बाई. घासल्याशिवाय कल्हई धरत नाही.’

तुम्ही हसलात आणि विचारलंत, ‘कल्हईवाले का तुम्ही?’ होते. कथील, नवसागर, भाता घेऊन ह्याच गल्ल्यांतून फिरायचे. माझ्या वडिलांच्या दुकानातल्या पातेल्यांना त्यांनी कल्हई केली असणार. स्टील आलं, पितळेची भांडी शोकेसमध्ये गेली, आणि कल्हईवाला कुठे गेला हे मी कधी विचारलं नव्हतं. पायरीवर होता.

दवाखान्यातला तो दिवस मात्र मी विसरणार नाही. कुठला दवाखाना ते राहू द्या. खिडकीतल्या माणसाने पत्ता विचारला. बाबा म्हणाले, ‘गंगेवर.’ तो म्हणाला, गंगेवर हा पत्ता होत नाही. दोन तास आम्ही बाकावर. शेवटी तुम्ही माझ्या खिशातलं पेन काढलंत आणि फॉर्मवर माझ्या दुकानाचा पत्ता लिहिलात. मला न विचारता! मी केवढा चिडलो होतो. उद्या ह्यांचं काही बरंवाईट झालं तर पोलीस माझ्या दारात येतील, असंच डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही म्हणालात, ‘झोपतात तर तिथेच ना? मग खोटं काय लिहिलं?’ व्यापाऱ्याला उत्तर सुचलं नाही.

पायाची करंगळी गेली, बाकी पाय वाचला. गणपतीत खोकला वाढला, थुंकीची तपासणी झाली, टीबी निघाला. साखर आणि टीबी हातात हात घालून चालतात, हे तुमच्याकडूनच कळलं. तपासणी फुकट, औषध फुकट. अडतं ते पुढेच. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या, पण ज्याला कपाट नाही, खिसा फाटका, पिशवी दर दोन महिन्यांनी चोरीला जाते, त्याने त्या ठेवायच्या कुठे? तुम्ही माझ्या गल्ल्याकडे बघितलंत. मी समजलो.

गोळ्या किती ते वजनावर ठरतं. तुम्ही बाबांना आमच्या पितळ मोजायच्या काट्यावर उभं केलंत. अडतीस किलो. त्याच काट्यावर तासाभरापूर्वी मी एका गिऱ्हाइकाला घंगाळ, समया आणि हंडे मोजून दिले होते, ते ह्याहून जास्त भरले होते.

दोन महिने चार औषधांची गोळी, पुढे चार महिने तीन औषधांची, सगळं मला अजून पाठ आहे. सकाळी दुकान उघडलं की आधी देवाला उदबत्ती, मग बाबांना चहा-पाव आणि माझ्यासमोर गोळ्या. बायकोने घर डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही घरी येऊन तिला समजावलंत की औषध नीट सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत संसर्गाची भीती बरीच उतरते, आणि आमच्या सगळ्यांच्या छातीचे फोटोही काढून घेतलेत. ह्या गोळ्यांनी लघवी लाल होईल हे तुम्ही मला सांगितलं होतं, मी बाबांना सांगायला विसरलो. दुसऱ्या दिवशी बिचारे शेवटचा रामराम करायला आले.

पोषणासाठी सरकार टीबीच्या पेशंटला महिन्याला १००० रुपये देतं. पूर्वी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. पण ते खात्यात येतात. खात्याला आधार, आधाराला पत्त्याचा पुरावा. त्या पायपिटीवर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. खातं निघालं तेव्हा चौथा महिना संपत आला होता.

हिशेबाची सवय, म्हणून एक हिशेब मांडतो. शहरी बेघरांच्या योजनेत एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांच्या निवाऱ्याची सोय हवी, असं तुम्ही सांगितलं होतं. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४.८६ लाखांचं. म्हणजे तेव्हाच्याच आकड्याने जवळजवळ दीड हजार माणसांची सोय. आता सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामच्या जागेवरून रोज पेपर भरतोय, घाटावरच्या ह्या माणसांना तेव्हा कुठे सरकवणार, ते वाचनात आलेलं नाही.

निवारा केंद्रात जायला बाबा सहा महिने तयार नव्हते. कुठल्याशा ठिकाणी झोपले असताना त्यांचा भाता चोरीला गेला होता, ते डोक्यातून जात नव्हतं. शिवाय गंगेवर अन्नदान असतं, तिथून लांब गेलं की जेवणाची पंचाईत. मी ओरडायचो. तुम्ही कधी ओरडला नाहीत, नुसतं दर आठवड्याला एकदा विचारायचात. मार्चमध्ये स्वतःहून गेले. आता रात्री तिकडे झोपतात, दिवसा माझ्याकडे. शेवटच्या तपासणीत थुंकीत जंतू नाहीत, वजन चव्वेचाळीस. गिऱ्हाईक पितळेचं पातेलं उलटंपालटं करायला लागलं की मध्येच तोंड घालतात, ‘ह्याला कल्हई लागेल हां, आंबट ठेवू नका.’ दोन गिऱ्हाइकं त्यांनी घालवली. चालायचंच.

तर सिस्टर, मनापासून आभार. त्या पेनाचेही.

आणि एक काम आहे. मंगळवारपासून पायरीवर एक बाई येऊन बसतात. कुणाशी बोलत नाहीत, दिलेलं खात नाहीत, रात्रभर पुटपुटत असतात. अशा माणसाला हाकलायचं नसतं, २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने पोलिसांनी चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोहोचवायचं असतं, हे तुम्हीच एकदा म्हणाला होतात. पण चौकीवर जायच्या आधी तुम्ही एकदा बघून घ्याल तर बरं. बाबा त्यांच्याशेजारी हातभर अंतर ठेवून बसतात, काही बोलत नाहीत. पायरी कोरडी आहे.

तुमचा चिमटा गल्ल्यातच राहिलाय. उकळून ठेवलाय.

आपला,
भांडी बाजारातला एक दुकानदार
नाशिक