आई-बाबा, त्या डब्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर ओट्यामागचा काळा डबा दिसला आणि बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. मग रात्री आईचा वेगळा फोन, "ते स्टिरॉइडबिइड नाही ना गं?" फोनवर मी नीट उत्तर दिलं नाही, कारण अशा गोष्टी फोनवर सांगायला गेलं की आई रडवेली होते आणि तुम्ही "बरं, बरं" म्हणून विषय संपवता. म्हणून लिहिते आहे. बाबा, वाचून झालं की हे पत्र माझ्या रिपोर्टांच्या फायलीत लावा.

डब्यात व्हे प्रोटीन आहे. आई, तू दूध फाडून पनीर करतेस तेव्हा जे हिरवट पाणी उरतं आणि ज्यात तू कणीक भिजवतेस, तशाच पाण्यातलं प्रथिन वेगळं काढून, वाळवून केलेली ही पावडर. एका मापाला, म्हणजे साधारण ३० ग्रॅमला, २४-२५ ग्रॅम प्रथिनं आणि दोन-तीन ग्रॅम कर्बोदकं. वजनं उचलणाऱ्या माणसाला किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. माझं वजन ५८ किलो, म्हणजे दिवसाला नव्वदच्या घरात. वरण, उसळ, दही, अंडी सगळं धरूनही मी साठच्या पुढे जात नाही. जी तूट राहते, ती त्या डब्यातून भरते. जेवण बंद करून पावडर पिते आहे असं मनात आणू नका. मटकीची उसळ अजूनही आठवड्यातून तीनदा होते, आणि ती तुझ्याच पद्धतीची.

आता मूत्रपिंडाचं. बाबा, प्रोटीन पावडरनं मूत्रपिंडं खराब होतात असं सांगणारा, तुम्हाला आलेला तो व्हिडिओ मी पाहिला. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर एवढ्या प्रथिनांनी ती बिघडत नाहीत. पण वीस वर्षांहून जास्त टाइप वन मधुमेह असलेल्या माझ्यासारखीच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे, त्यामुळे तुमची शंका अगदी योग्य आहे. मूत्रपिंडाला इजा झालेली असेल तर प्रथिनं उलट मोजूनमापून घ्यावी लागतात, किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास. म्हणून डबा उघडण्याआधी मी लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घेतलं, रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं (दोन्ही मूत्रपिंडाच्याच तपासण्या), आणि डोळ्यांत थेंब टाकून पडदाही दाखवून आले. डोळ्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मधुमेहामुळे पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या तयार झाल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलताना त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. माझा पडदा स्वच्छ आहे, अल्ब्युमिनही ठीक आहे. दोन्ही कागद तुम्हाला पाठवले आहेत.

डब्याशेजारी एक छोटी बरणी आहे, ती तुम्हाला दिसली नसेल. त्यात क्रिएटिन मोनोहायड्रेट आहे, स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात ती पावडर. रोज तीन ग्रॅम घेते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा रिपोर्ट आला की तुम्ही आधी क्रिएटिनिनचा आकडा बघणार आणि तो थोडा वाढलेला दिसला की तुम्हाला झोप लागणार नाही. क्रिएटिन शरीरात मोडलं की क्रिएटिनिनच तयार होतं. त्यामुळे मूत्रपिंड नीट काम करत असतानाही आकडा वर सरकू शकतो. तसं झालं तर सिस्टॅटिन सी नावाची वेगळी रक्ततपासणी असते, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. माझ्या डॉक्टरबाईंना मी हे आधीच सांगून ठेवलं आहे आणि त्यांनी तशी नोंद केली आहे.

जे घेत नाही, तेही सांगते. मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर, नाही. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन नावाचं कर्बोदक ठासून भरलेलं असतं, त्यानं रक्तातली साखर ग्लुकोजच्याच वेगानं चढते. डब्यावर 'साखर नाही' असं छापलेलं असलं तरी. व्यायामाआधी घ्यायची ती कॅफीनची पावडर नाही. छाती धडधडणं, हात थरथरणं ही साखर उतरल्याची माझी खूण आहे, आणि कॅफीननंही नेमकं तेच होतं. मला माझी खूण ओळखता यायला हवी. चरबी जाळणाऱ्या गोळ्या नाहीत. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्याही नाहीत, कारण त्यांच्यामुळे दंडावर लावलेले, साखर सतत मोजणारे काही सेन्सर साखर खरी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. खरी साखर ६० आणि आकडा ९० असेल तर काय होईल, ते तुम्हाला समजावून सांगायला नको. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या मी घ्यायचे, त्या थायरॉइडच्या तपासणीत गोंधळ करतात हे कळल्यापासून तपासणीच्या आधी त्या बंद ठेवते.

आणि आता आत्यानं पाठवलेलं जांभूळ-कारल्याचं चूर्ण. ते मी घेतलेलं नाही आणि घेणार नाही. आत्याच्या प्रेमाबद्दल मला काडीचीही शंका नाही, पण त्या पाकिटावर कुणी बनवलं, कुठे बनवलं, आत काय आहे, यातलं एकही अक्षर नाही. साखर उतरवणाऱ्या अशा काही चूर्णांमध्ये मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लामाइड अशी इंग्रजी औषधं न सांगता मिसळलेली सापडली आहेत. आत्याला टाइप टू आहे, ती आधीच गोळ्या घेते. तिच्या वयाला हे धोक्याचं आहे. बाबा, तुम्ही तिला समजावा, तुमचं ती ऐकते. काळ्या डब्याला जे प्रश्न तुम्ही विचारलेत तेच या पाकिटाला विचारा. माझ्या डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे, सील होतं, आणि कोड खरवडून कंपनीकडे तपासता येतो. बाजारात नकली डबे खूप फिरतात, म्हणून ओळखीच्या कुणाकडून स्वस्तात मिळतोय तिकडे मी वळतच नाही.

एक गोष्ट सांगू की नको असा विचार केला, पण सांगते. जिममधल्या एका मुलानं मला बाजूला घेऊन माझं इन्सुलिनचं पेन मागितलं. स्नायू फुगवायला काही जण ते टोचून घेतात. त्याला मधुमेह नाही. मी त्याला तिथेच बसवून सांगितलं की माझं एक वेळचं इन्सुलिन त्याला बेशुद्ध पाडू शकतं आणि झोपेत असेल तर तो उठणारही नाही. मग मालकांनाही सांगितलं. खेळांतल्या बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत इन्सुलिन आहे, माझ्यासारख्या खेळाडूला त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. ज्या औषधावर मी जिवंत आहे त्याच्याशी कुणी असं खेळतं, याचा मला खूप राग आला.

पण आई, तुझा खरा प्रश्न डब्याचा नाहीच, हे मला ठाऊक आहे. "बरं चाललंय की, मग वजनं कशाला?" हा तो प्रश्न.

खांद्यामुळे. तो आखडला तेव्हा मला मागे हात नेऊन केसही बांधता येत नव्हते. फ्रोझन शोल्डर मधुमेह असलेल्यांना इतरांपेक्षा बरंच जास्त होतं, टाइप वनमध्येही. फिजिओथेरपीनं हात वर जायला लागला, पण दंडातली ताकद गेली ती गेलीच. ती परत आणायला वजनांशिवाय दुसरा रस्ता नाही. स्नायू असले की इन्सुलिनचा उपयोग नीट होतो, हाडं टिकतात, आणि मला साठीत स्वतःच्या पायांवर जिना चढायचा आहे. सध्या मी रिकाम्या दांड्यावर आहे. खांद्यावरून उचलायचे प्रकार अजून सुरूही केलेले नाहीत.

आणि एक कारण तुम्हालाही माहीत आहे. शाळेत मधुमेह निघाल्यावर पीटीच्या तासाला मला झाडाखाली बसवून ठेवायचे. त्यावेळच्या डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, आणि तुम्ही दोघांनी जिवाच्या भीतीनं ते पाळलं. मी तुम्हाला दोष देत नाही. पण सांगली म्हणजे वेटलिफ्टिंगचं गाव. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत संकेत सरगरनं ५५ किलोत रौप्यपदक घेतलं तेव्हा बाबा, तुम्ही पेढे वाटलेत. त्या गावात वाढून मी दांड्याला हात लावला तो तिशी उलटल्यावर. वसीम अक्रमचं उदाहरण तर तुमच्याच आवडीचं. १९९७ मध्ये त्याला टाइप वन निघाला, आणि एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी त्यानं २००३ च्या विश्वचषकात घेतला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियर, त्याला १९९९ मध्ये निदान झालं आणि पुढच्याच वर्षी सिडनीला ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. मला पदक नको आहे. मला फक्त झाडाखाली बसायचं नाही.

आता धोका जिथे खरा आहे तिथलं बोलते.

चालताना, सायकल चालवताना साखर उतरते, हे तुम्हाला अनुभवानं माहीत आहे. जड वजनं उचलताना उलट होतं. अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, यकृत साखर सोडतं, आणि १५० वरून निघालेली मी तासाभरात २२० ला पोचते. सेन्सरवरून तुमच्या फोनवर तो आकडा येतो आणि तुमचा फोन येतो. तो आकडा बहुतेक वेळा आपोआप खाली येतो. तिथे घाईनं पूर्ण डोस टोचला तर दोन तासांनी मी जमिनीवर असेन. म्हणून व्यायामानंतरच्या २२० ला मी थांबून बघते, गरज पडली तर नेहमीच्या निम्मंच घेते. चिंता करायची ती पुढच्या वेळेची, कारण रिकामे झालेले स्नायू मग रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात. हा परिणाम चोवीस तास, कधी त्याहून जास्त टिकतो. संध्याकाळी व्यायाम केला तर नेमकी मध्यरात्रीनंतर, गाढ झोपेत साखर उतरते. म्हणूनच मी सकाळची वेळ घेतली आहे, नाश्त्याआधी, जेवणाचं इन्सुलिन अंगात नसताना.

माझे नियम पक्के आहेत. साखर ९० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज घेऊन थांबायचं. १२५ ते १८० मध्ये असेल तर सुरू. २७० च्या वर असेल तर रक्तातले कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की साठणारी आम्लं, बघायचे, आणि ते दीड किंवा त्याहून जास्त असतील तर त्या दिवशी जिम नाही. आदल्या दिवशी साखर फार खाली गेली असेल तरीही जिम नाही, कारण अशा वेळी शरीर दुसऱ्यांदा नीट इशारा देत नाही. पायांचा व्यायाम असेल त्या दिवशी मांडीत टोचायचं नाही, इन्सुलिन लवकर भिनतं. जड दिवसानंतर रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन किती कमी करायचं ते डॉक्टरबाईंनी लिहून दिलं आहे.

आई, मी लहान असताना तू रात्री तीनला उठायचीस, माझं बोट टोचायचीस, आणि पुन्हा पाच वाजता डब्याला लागायचीस. मी झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचे, तुझा हात गार असायचा. तुझं वय आता पासष्टच्या पुढे आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि अजून तू उशाशी माझी साखर घेऊन झोपतेस. ते मला सोसत नाही. म्हणून एवढं करा. तुमच्या फोनवरचा साखर चढल्याचा इशारा बंद करा, उतरल्याचा फक्त ५५ ला ठेवा. तो वाजला तर लगेच फोन करा. मी उचलला नाही तर शेजारच्या काकूंना करा, त्यांच्याकडे किल्ली आहे आणि काय करायचं ते त्यांना शिकवलं आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. आणि रात्री आकडा अचानक खोल गेला आणि थोड्या वेळात सरळ वर आला तर घाबरू नका, बऱ्याचदा मी त्या दंडावर झोपलेली असते आणि सेन्सर दाबला जातो.

साखर उतरली की बेसनाचा लाडू खा, असं तू सांगतेस. लाडवातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. त्या वेळी हवं ग्लुकोज, नाहीतर पाण्यात ढवळलेली तीन चमचे साखर. मग पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. लाडू मी नंतर खाईन, इन्सुलिन घेऊन, अगदी हक्कानं. तेव्हा पाठवायचे थांबवू नकोस.

दिवाळीला आठवडाभर येते आहे आणि तिथेही खंड पडू द्यायचा नाही. बाबा, आपल्या चौकातल्या व्यायामशाळेत बायकांची वेळ कोणती आहे ते विचारून ठेवा. सकाळची असेल तर बरं. आणि जमलं तर पहिल्या दिवशी तुम्हीही चला माझ्याबरोबर.

तुमची,
लेक