वाईनमधली कोंबडी, आपल्या कुकरमध्ये

दिजाँ, फ्रान्स

प्रिय बंड्यास,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप ऐकला. काकू आता हिंडूफिरू लागल्या हे कळून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तेलतूप निम्म्यावर आणायला सांगितलंय आणि काकू मात्र रविवारची कोंबडी सोडायला तयार नाहीत, हे अगदी त्यांच्या स्वभावाला धरून झालं. तू विचारलंस, तुमच्याकडची ती वाईनमधली कोंबडी कमी तेलात, साध्या कुकरमध्ये, तासा-सव्वा तासात होईल का? होते. आमच्या घरी बहुतेक वेळा तशीच होते. फोनवर सांगितलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून निवांत बसून लिहितोय.

आधी मूळ पदार्थ काय आहे ते सांगतो, म्हणजे त्यातलं काय कमी करायचं ते तुझं तुलाच कळेल. कोक ओ व्हँ, म्हणजे वाईनमधला कोंबडा, हा गरजेपोटी जन्मलेला पदार्थ. अंगणातला कोंबडा म्हातारा झाला की त्याचं मांस इतकं चिवट होतं की नुसतं भाजून दातांना दाद देत नाही. मग तो रात्रभर लाल वाईनमध्ये मुरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जाड झाकणाच्या भांड्यात दोन-तीन तास मंद आचेवर शिजवायचा. वाईन जवळजवळ बाटलीभर लागते. त्याआधी खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे परतून त्यांच्या सुटलेल्या चरबीत कोंबडा खरपूस करायचा. शेवटी लोण्यात मळलेल्या मैद्याने रस्सा दाट करायचा. जुन्या पद्धतीत त्या कोंबड्याचंच रक्त घालून रस्सा दाट करत. आमच्या बरगंडीत पिनो न्वार द्राक्षाची लाल वाईन वापरतात, तिकडे आल्सासमध्ये पांढरी रीसलिंग. ज्युरा भागात तर तिथली पिवळी वाईन आणि मोरिल घालतात, म्हणजे आपल्याकडे काश्मीरची गुच्छी येते ती. प्रत्येक मुलुखाने आपल्या हाताशी होतं ते घातलं, त्यामुळे आपणही हात लावायला हरकत नाही.

आता कुकरचं. तुला वाटेल हा आपला देशी जुगाड, पण कुकर मुळात फ्रेंच माणसाच्या डोक्यातून आला. ब्ल्वा गावाजवळ १६४७ साली जन्मलेल्या डेनी पापँने १६७९ मध्ये लंडनला असं घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं आणि ते फुटू नये म्हणून त्याला वाफेची झडपही बसवली. १६८२ च्या एप्रिलमध्ये त्या भांड्यांत शिजवलेलं जेवण इंग्रज लेखक जॉन एव्हलिन जेवला आणि बैलाची नि मेंढीची टणक हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं. ब्ल्वाच्या मोठ्या दगडी जिन्यावर पापँचा पुतळा आहे. मी तिथे बराच वेळ उभा होतो. आपल्या आयांचे किती तास या माणसाने वाचवले, हाच विचार मनात होता. पुढे १९५३ मध्ये ज्या कुकरने फ्रान्सची घरंच्या घरं काबीज केली, तो सेब कंपनीचा कुकर सलाँझे गावचा, इथून गाडीने थोड्याच अंतरावर. म्हणजे वाईनमधला कोंबडाही बरगंडीचा आणि फ्रेंच घराघरातला कुकरही बरगंडीचाच. तेव्हा तू काही अधर्म करत नाहीयेस.

आमच्या शेजारच्या आजींकडे तसा जुना कुकर आहे. झाकणावर आडवी पट्टी आणि पट्टीच्या मध्यावर पिळायचा काळा स्क्रू. तो त्या दोन्ही हातांनी घट्ट करतात, झडप गोल फिरून फुसफुसायला लागली की गॅस बारीक करतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. शिट्टी हा प्रकारच नाही. ही कोंबडी मी त्यांच्याकडून शिकलो आणि त्यांचं एक वाक्य तू स्वयंपाकघरात लिहून लावलंस तरी चालेल: वाईन कुकरमध्ये कच्ची जाता कामा नये.

बंड्या, सगळी मेख इथेच आहे. उघड्या भांड्यात तीन तास रटरटताना वाईनचा आंबटपणा आणि उग्र वास हळूहळू उडून जातो, रस्सा आपोआप आटतो. कुकरमध्ये काहीच उडत नाही. जे आत गेलं ते आतच राहतं, वर कोंबडीचं पाणी सुटतं ते वेगळं. म्हणून सगळं एकदम घालून झाकण लावणाऱ्याच्या पानात जांभळट, पातळ, आंबट पाणी येतं आणि तो म्हणतो, हे कुकरचं काम नव्हे. कुकर फक्त मांस मऊ करतो. चव तुला झाकण लावायच्या आधी आणि काढल्यावर करायची आहे.

सहा माणसांचं माप देतो. दीड किलो तंगड्या आणि मांड्या, हाडासकट. छातीचे तुकडे घेऊ नकोस, ते कुकरमध्ये कोरडे पडतात. मांडीच्या सांध्यांत आणि हाडांभोवती चिवट पडदे असतात, ते विरघळले की रश्श्याला चिकटसर अंग येतं. मैद्याचं आणि लोण्याचं बरंचसं काम तेच करतात, म्हणून हाड काढू नकोस. कातडी आपल्याकडे दुकानदार काढूनच देतो, ते बरंच. कोंबडीची पुष्कळ चरबी कातडीखालीच असते.

तुकडे स्वच्छ फडक्याने कोरडे टिपून घे, अगदी ठणठणीत कोरडे. मग कुकर चांगला तापव, मोठा चमचाभर तेल घाल आणि तुकडे दोन खेपांत ठेव, गर्दी नको. ठेवले की हलवू नकोस. बिनकातडीचं मांस आधी बुडाला घट्ट धरतं, नीट भाजलं गेलं की आपणहून सुटतं. ओढून काढलंस तर भाजलेला थर बुडालाच राहील. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की ताटात काढ. त्याच बुडावर एक कांदा, दोन गाजरं, चार पाकळ्या लसूण परत. चमचाभर टोमॅटो पेस्ट घालून ती गडद होईपर्यंत हलव.

आता वाईन. साधारण ४०० मिली. ती ओतलीस की चर्र आवाज येईल, लगेच लाकडी उलथन्याने बुडाची खरवड सोडवायला घे. त्या तपकिरी खरवडीतच अर्धी चव आहे. मग झाकण न लावता मोठ्या आचेवर उकळू दे. सुरुवातीला वाफेवर नाक नेलंस तर झणका लागून डोळ्यांत पाणी येईल. पाच-सात मिनिटांनी झणका कमी होतो, फेस बारीक होतो, जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. वाईन निम्मी झाली की २०० मिली पाणी किंवा हाडांचं बिनमिठाचं सूप घाल. कोंबडी परत आत. रस्सा तुकड्यांच्या निम्म्यापर्यंतच यायला हवा. वरपर्यंत आणायचा मोह होईल, आवर.

कुकर स्टीलचा घे. लेप नसलेल्या ॲल्युमिनियममध्ये आंबट वाईन उकळली की धातूची चव उतरते. आजीसुद्धा त्यांचा जुना कुकर आता बटाट्यांनाच वापरतात.

शिट्ट्या मोजू नकोस, ही माझी हात जोडून विनंती. शिट्टी किती वेळाने होते ते आचेवर आणि आत किती माल आहे त्यावर ठरतं, त्यामुळे तुझ्या तीन आणि माझ्या तीन सारख्या नसतात. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर आणि घड्याळ लाव. ब्रॉयलरला नऊ-दहा मिनिटं पुरे. पूर्ण दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, म्हणून तासांचं काम मिनिटांत होतं. खरा गावठी कोंबडा मिळाला तर पंचवीस-तीस मिनिटं दे, आणि मिळाला तर जरूर घे, मूळ पदार्थ त्याच्यासाठीच आहे. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढू नकोस. दाब एकदम उतरला की आतला रस खळाखळा उकळतो आणि मांस आवळून येतं. आपोआप जिरू दे.

तोवर शेजारच्या शेगडीवर दोन कामं कर. पंधरा-सोळा छोटे सांबारचे कांदे सोलून अर्धी वाटी पाणी, चिमूटभर साखर आणि थेंबभर तेलावर झाकून शिजव. पाणी आटलं की तांबूस चकाकी येईपर्यंत परत. पाव किलो बटण मश्रूमचे जाड काप कर आणि तापलेल्या कोरड्या तव्यावर टाक, तेल नाही, मीठ नाही. आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग कडा भाजायला लागतील. तेव्हा कुठे चमचाभर लोणी घाल. अख्ख्या पदार्थात लोणी एवढंच. सुरुवातीला घातलेलं लोणी कुठे हरवतं कळत नाही, शेवटी घातलेलं जिभेला लगेच जाणवतं. भाजलेले मश्रूम आणि खरवड, यांच्यामुळेच डुकराच्या चरबीची उणीव भासत नाही. मात्र ते खारवलेले तुकडे नाहीत म्हणून मीठ पूर्ण तुझ्या हातात आहे. शेवटी चव घेऊनच घाल, काकूंसाठी तेही बरं.

कुकर उघडल्यावर कोंबडी काढून झाकून ठेव. रश्श्यातला निम्मा कांदा-गाजर थोड्या रसासकट मिक्सरमधून फिरवून परत घाल आणि उघड्यावर पाच-सात मिनिटं आटव. पळीच्या पाठीवरून बोट फिरवलं की रेघ टिकली पाहिजे. मग कोंबडी, कांदे, मश्रूम त्यात सोड आणि एक कढ आण, झालं.

सुगंधाला इथे थाइमच्या काड्या, पार्सलीचे देठ आणि लॉरेलचं पान यांची जुडी बांधून घालतात. तिथे लॉरेल म्हणून तमालपत्र खपवतील, ते घालू नकोस. तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्यावर तीन उभ्या शिरा दिसतात, आणि त्याचा वास रश्श्याला थेट पुलावाकडे घेऊन जातो. खरं पान नसेल तर काहीच नको. थाइम नसेल तर दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा ओवा चोळून घाल. दोघांच्या वासातलं मुख्य द्रव्य एकच, थायमॉल. पण ओवा जहाल आहे, हात आखडता ठेव. गरम मसाला मात्र अजिबात नको. वहिनींना माझ्या वतीने सांग, एकदा तरी त्याशिवाय करून बघा.

वाईन तर तुझ्या दारातच पिकते. पिनो न्वारला तुरटपणा कमी असतो. दिंडोरीकडची शिराझ किंवा काबर्ने त्याहून तुरट असते आणि आटवल्यावर तुरटपणा वाढतो. म्हणून ४०० ऐवजी ३०० मिली घे, एक गाजर जास्त घाल. गोव्याची गोड पोर्ट मुळीच नको, आटली की रस्सा गोडमिट्ट होतो. आणि एक महत्त्वाचं: शिजवल्यावर वाईनमधली दारू सगळी उडते असं म्हणतात, ते खरं नाही. अर्धा तास उकळूनही तिसरा हिस्सा तरी उरतो. काकूंच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार. पोरांसाठीही वाईन नकोच.

त्यांच्यासाठी याच कुकरमध्ये बास्क मुलखातली कोंबडी कर. पिरेनीजच्या पायथ्याशी, स्पेनच्या सरहद्दीला लागून तो भाग आहे. तिथल्या एस्पलेत गावात शरद ऋतूत घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळाच माळा वाळत असतात. तिखटपणा बेताचा, वास मात्र फार गोड. ब्याडगीची पूड तिची जागा बरीचशी भरून काढते. कोंबडी तशीच परतायची, मग कांदा, लसूण, तीन रंगीत ढोबळ्या मिरच्या, अर्धा किलो पिकलेले टोमॅटो आणि अर्धी वाटी पाणी. ढोबळी मिरची पुष्कळ पाणी सोडते, म्हणून उघडल्यावर इथेही आटवणं आलंच. बाकी मिनिटं तीच. रंग इतका सुरेख येतो की पोरं आपणहून ताट पुढे करतील.

सोबत इथे उकडलेले बटाटे किंवा रुंद शेवया असतात, आणि पाव तर हवाच. तुझ्याकडे ताजा लादी पाव मिळतो, त्याच्यासारखं या रश्श्याला काही नाही. जमलं तर आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेव. सकाळी वर चरबीचा पांढरा पापुद्रा धरलेला असतो, तो चमच्याने उचलून टाकायचा. पथ्य आणखी थोडं पाळलं जातं, आणि मुरल्यामुळे चवही वाढते. आमच्याकडे शनिवारी रात्री होते आणि रविवारी दुपारी जेवतो.

रविवारी केलीस तर रश्श्याचा फोटो पाठव, पातेल्यातला, ताटातला नको. किती आटलाय ते पातेल्यात कळतं, मग पुढच्या खेपेचं सांगता येईल. आणि डॉक्टर काय म्हणाले तेही कळव.

काकूंना शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना अनेक आशीर्वाद. हिने सगळ्यांची आठवण काढली आहे.

तुझाच,
बाळ्या