वनमंत्री महोदय, माळावरचे भोवत्या निघण्याआधी मोजा

मा. वनमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मार्च सरत आला की सोलापूर-पुण्याकडच्या माळांवरून भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी उत्तरेला निघू लागतात. त्यांची वीण कझाकस्तान-रशियाच्या गवताळ प्रदेशांत होते. हिवाळा ते आपल्याकडे नाकतोडे, उंदीर, सरडे खाऊन काढतात. ते जाण्याआधी राज्यभर एकाच संध्याकाळी त्यांची मोजणी व्हावी, यासाठी हे पत्र.

शरदात येणाऱ्या पक्ष्यांत त्याच वर्षीची पिल्ले असतात, म्हणून तेव्हाचा आकडा भरघोस दिसतो. मार्चमध्ये दिसतात ते हिवाळ्यातून तगलेले, आणि पुढच्या विणीची भिस्त त्यांच्यावरच असते. आपली माळराने त्यांना कितपत सांभाळतात, हे वसंतातली मोजणी वर्षानुवर्षे चालली तरच कळेल.

भोवत्या रातथारा, म्हणजे रात्रीचा मुक्काम, करतात तो झाडावर नव्हे, जमिनीवर, गवतात. सूर्यास्ताच्या सुमारास ते चहूबाजूंनी तिथे जमतात. लांब उभे राहायचे, दिशा वाटून घ्यायच्या आणि उतरणारा प्रत्येक पक्षी टिपायचा. गवतात पाऊल टाकायचे नाही. माँटेग्यूचा आणि पांढुरका या भोवत्यांच्या दोन जातींचे राखी नर वेगळे ओळखता येतात, पण माद्या आणि पिल्ले मावळत्या उजेडात भल्याभल्यांना चकवतात. त्यांच्यासाठी तक्त्यात ‘जात अनिश्चित’ असा रकाना हवाच, नाहीतर अंदाजच नोंद म्हणून छापले जातील. संध्याकाळही सगळीकडे एकच हवी. दक्षिणेतून परतणारे पक्षी वाटेत याच माळांवर थांबतात. दिवस बदलला की तेच पक्षी पुन्हा मोजले जातात.

पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. कोरड्या माळाच्या वाट्याला असे लक्ष येत नाही. कागदोपत्री तो ‘पडीक’; मग त्यावर रोपांसाठी खड्डे पडतात, किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर गवत पेटते. रातथारा कुठे आहे याची नोंदच नसेल, तर तिथले खड्डे थांबवणार कोण?

स्थलांतरित शिकारी पक्ष्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर भारताने २०१६ साली सही केली आहे. राज्याने त्याला साजेसे काम करावे. सुरुवात सोलापूरजवळचे नान्नज आणि पुणे जिल्ह्यातली कडबनवाडी या माळांपासून करा. वनरक्षकांबरोबर मेंढपाळांनाही मानधन देऊन घ्या, कारण पक्षी कुठे उतरतात हे त्यांना रोजच दिसते. आकडे जसेच्या तसे जाहीर करा, आणि जिथे रातथारा सापडेल तिथले वृक्षारोपण रद्द करा.

पुढच्या मार्चची तारीख या पावसाळ्यातच ठरवावी, म्हणजे माणसे तयार करायला हिवाळा हाताशी राहील.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातील एक पक्षीमित्र