कोळंबीची टरफलं वेगळी ठेवायला जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हर्णै बंदरावर कोळंबी सोलण्यात माझी 30 वर्षं गेली. डोकं-टरफल काढलं की कोळंबीचं निम्म्याच्या आसपास वजन उरतं. बाकीचं पुळणीवर ओततात आणि उन्हात तासाभरात त्याला वास सुटतो.

माझी भाची रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. दिवाळीत तिने माझ्याकडून धुऊन सुकवलेली टरफलं नेली. आम्लात त्यांतला चुना गेला, पातळ कॉस्टिक सोड्यात प्रथिनं गेली, उरलं ते कायटिन. ते दाट कॉस्टिकमध्ये तापवल्यावर कायटोसान झालं, पोह्यांसारखे पांढरट पापुद्रे. मग तिने त्याला गॅलिक आम्ल जोडलं. आपल्या हिरड्यातही हे आम्ल असतं.

मी प्रयोगशाळेत जाऊन पाहिलं. दोन नळ्यांत डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण होतं. त्याचे रेणू फ्री रॅडिकल, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी राहिलेले असतात, आणि ते शमले की जांभळा रंग जातो. साधं कायटोसान घातलेली नळी जवळजवळ जांभळीच राहिली. गॅलिक आम्ल जोडलेली अर्ध्या तासात पिवळी पडली. म्हणजे त्या पदार्थाने स्वतःकडचा हायड्रोजन देऊन ते फ्री रॅडिकल शमवले. ‘हा रंग नुसत्या गॅलिक आम्लानेच गेला नसेल कशावरून?’ असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘मावशी, न जोडलेलं आम्ल आधी 3 दिवस पाणी बदलत पातळ पडद्याच्या पिशवीतून काढून टाकलं. म्हणून तर एवढा वेळ लागला.’ पोरीचं काम चोख आहे, हे मला तिथेच पटलं.

पावसाळ्यात माझे सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, पिवळे पडून खवट होतात. हवेतला ऑक्सिजन त्यांतल्या चरबीला लागतो म्हणून, आणि ते फ्री रॅडिकलमुळेच पुढे वाढत जातं. असा पदार्थ घालून केलेल्या पातळ वेष्टनाने खवटपणा लांबवता येतो. अर्थात खाण्याच्या वस्तूला लावण्याआधी त्याची नीट तपासणी झालीच पाहिजे. आणि आम्ल-कॉस्टिकचं पाणी खाडीत सोडणारा कारखाना आम्हाला मुळीच नको, त्याने मासळीच मरेल.

पण पहिली पायरी आमच्या हातातली आहे. प्लास्टिक आणि माशांच्या आतड्यांत कालवलेलं टरफल कुणाच्याच कामाचं नाही. भाचीनेही बाजारातलं असं एक पोतं टाकून दिलं. टरफलं वेगळी काढायला आम्ही बायका तयार आहोत. धुवायला गोडं पाणी आणि वाळवायला सिमेंटचा एक ओटा, एवढं बंदरावर करून द्यावं.

— एक कोळंबी सोलणारी, हर्णै (ता. दापोली)