सोलंगच्या वाटेवरील मदतनीसांचे आभार

कोल्हापूरहून हिमाचलातील सोलंग खोऱ्यात स्कीइंगसाठी विजेवरील एसयूव्हीने सहकुटुंब जाऊन आम्ही सुखरूप परतलो. या प्रवासात ज्यांनी नावही न सांगता मदत केली, त्यांचे जाहीर आभार मानणे आम्हाला आवश्यक वाटते.

उदयपूरजवळ एकच चार्जर चालू असताना, आमच्यासोबत लहान मुले पाहून आपली गाडी बाजूला घेणाऱ्या दांपत्याचे आम्ही ऋणी आहोत.

सर्वांत मोठे ऋण मात्र कुल्लूच्या घरमालक काकांचे आहे. कडाक्याच्या थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि हीटरही त्याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे गाडीचा पल्ला बराच घटतो. काकांनी स्वतः अर्थिंग तपासून आम्हाला १५ अँपिअरचे सॉकेट दिले, ज्यातून रात्रभरात तीसेक युनिट वीज भरता येते. चार्जिंग सकाळवर न टाकता, प्रवासाने बॅटरी ऊबदार असतानाच सुरू करावे आणि गारठलेल्या बॅटरीने उतारावर निघताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगवर (वेग कमी करताना वीज बॅटरीत परत भरणाऱ्या ब्रेकिंगवर) विसंबू नये, हा त्यांचा सल्ला कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा मोलाचा ठरला. विजेचे पैसेही त्यांनी आग्रह केल्यावरच घेतले.

सोलंगच्या अलीकडे बर्फाळ चढावर, बोटे बधिर होत असताना चाकांना साखळ्या बांधून देणाऱ्या टॅक्सीचालक बंधूंचेही मनःपूर्वक आभार. यांपैकी कोणीही अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला आले, तर त्यांनी आमच्याच घरी उतरावे, ही नम्र विनंती.