टक्के कशाचे? रात्रशाळेतल्या सरांना पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

22 सप्टेंबर 2025 ला तुपावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. आमच्या दुकानात 672 रुपयांचा डबा 630 ला झाला आणि काउंटरवर वाद सुरू झाले. एक काका तर मोबाइलवर हिशेब करूनच आले. ‘7 टक्के कमी झालेत ना? मग 47 रुपये उतरायला हवेत. 42च का? बाकीचे कोणी खाल्ले?’ मालक माझ्याकडे बघायला लागले. मी जुन्या बिलाच्या मागे लिहून दाखवलं: मूळ किंमत 600. तिचे 12 टक्के 72, आणि 5 टक्के 30. ते 7 टक्के 600 चे आहेत, 672 चे नाहीत. काकांनी कागद दोनदा वाचला, खिशात घातला आणि डबा घेऊन गेले.

‘टक्के कशाचे?’ हा तुमचा प्रश्न, सर. त्याचेच आभार मानायचेत.

तेव्हा मी दिवसा लालबागला मसाल्याच्या दुकानात होतो. संध्याकाळी तसाच वर्गात यायचो, की शेजारचा बाक शिंकायला लागायचा. तुम्ही मला उठवून दुसरीकडे बसवलं नाहीत. माझ्या मिरच्याच फळ्यावर घेतल्यात. बेडगी 3, संकेश्वरी 1. संकेश्वरी किती? अर्धा वर्ग म्हणाला तिसरा हिस्सा, अर्धा म्हणाला पाव. तुम्ही दोघांनाही बरोबर ठरवलंत आणि आमचं भांडण मजेत बघत बसलात. बेडगीच्या मानाने तिसरा हिस्सा, एकूण मिरचीच्या मानाने पाव, म्हणजे 25 टक्के. गुणोत्तर मला त्या दिवशी कळलं.

तिरपा गुणाकार तुम्ही दिवाळीपर्यंत करूच दिला नाहीत. 250 ग्रॅमचे 90 रुपये, तर 700 ग्रॅमचे किती? आधी 50 ग्रॅमचे काढा: 18. तसे चौदा, म्हणजे 252. तोंडी. मग एकदा सांगितलंत की आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये हेच त्रैराशिक म्हणून लिहून ठेवलंय: 250 हे प्रमाण, 90 हे फळ आणि 700 ही इच्छा. गिऱ्हाइकाची मागणी ती इच्छा, हे मला फारच पटलं.

व्यस्त प्रमाणाबद्दल मात्र फार काही लिहीत नाही. माणसं आणि दिवसांच्या त्या उदाहरणांचा मला अजून कंटाळा येतो. सगळी माणसं सारख्याच वेगाने काम करतात, हे फक्त गणिताच्या पुस्तकात.

शाळा सुटल्यावर शिपाई दिवे मालवायला यायचे, तरी तुम्ही एखादं गणित पुरं करून घ्यायचात. तुमचीही लोकल असायची. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं, आता वाटतं.

भाची यंदा दहावीला आहे. गणित भाग 1 मध्ये ‘अर्थनियोजन’ आहे, जीएसटीसकट. परवा तिला विचारलं, 200 रुपयांच्या वस्तूची किंमत 20 टक्के वाढवली आणि मग 20 टक्के सूट दिली, तर? ‘200च की!’ म्हणाली. मी म्हटलं, सूट कशाची? जरा थांबली, मग स्वतःच 240 मधून 48 वजा करून 192 वर आली. तिला एकदा तुमच्याकडे घेऊन यायचंय. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं. चालेल का, कळवा. येताना बेडगी आणतो.

आपला विद्यार्थी,
मसालेवाला